टचओएससीसोबत नऊ महिने: उशीर चालतो, डळमळ चालत नाही

आमच्या वाद्यवृंदात गेले नऊ महिने माझ्या कीबोर्डशेजारी एका स्टँडवर आयपॅड असतो. त्यात टचओएससी, म्हणजे पडद्यावर आपली बटणं आखून दुसऱ्या यंत्राला निरोप पाठवणारं ॲप, आणि खाली लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष आवाज वाजवणारा प्रोग्रॅम. कीबोर्ड वाजवता वाजवता तानपुरा, झांजा, तुतारी, कोरसच्या ओळी असे रेकॉर्ड केलेले तुकडे बोटाने सोडायचे, हे माझं काम. ढोलकी, तबला, हार्मोनियम मात्र माणसंच वाजवतात. त्यामुळे पडद्यावर बोट टेकल्यापासून आवाज येईपर्यंत काय घडतं, याचा हिशोब मला फार बारकाईने ठेवावा लागला.

पहिले दोन महिने सगळं वायफायवर चाललं होतं. घरी सुरेख. नाट्यगृहात दुपारच्या साउंड चेकलाही सुरेख. रात्री प्रयोगात मात्र तुतारी कधी समेवर पडायची, कधी सम उलटून गेल्यावर. मध्यंतरात आमचे ढोलकीवाले काका म्हणाले, "अरे, रोज तेवढाच उशीर झाला असता तर मी सांभाळून घेतला असता. पण तुझा तुकडा कधी येणार ते मला कळतच नाही." लेटन्सी (उशीर) आणि जिटर (त्या उशिराची डळमळ) यांतला फरक याहून नेमका मला कुणी सांगितलेला नाही.

ठरावीक उशीर हा वादकाचा रोजचा सोबती आहे. आवाज हवेतून मीटरभर जायला साधारण 3 मिलिसेकंद घेतो. काका माझ्यापासून चार मीटरवर बसतात, म्हणजे त्यांची थाप मला 12 मिलिसेकंदांनी उशिरा ऐकू येते आणि आम्हा दोघांनाही त्याचं काही वाटत नाही. मिडी म्हणजे कोणता स्वर वाजवायचा ते वाद्यं आणि संगणक एकमेकांना सांगतात ती भाषा. 1983 सालची तिची गोल पिनांची तार काही फार वेगवान नव्हती. सेकंदाला 31,250 बिट, म्हणजे एक स्वर पोचायला जवळपास 1 मिलिसेकंद. दोन्ही हातांनी दहा बोटांचा कॉर्ड दाबला की शेवटचा स्वर पहिल्याच्या बराच मागे राहायचा. तरी लोकांनी त्यावर आयुष्यभर वाजवलं, कारण ती तार आज एक आणि उद्या दुसरं असं वागत नाही. हात ठरावीक उशीर शिकून घेतो आणि तेवढा आधी पडतो. उशीर दर वेळी बदलला तर हाताला शिकण्यासारखं काही उरत नाही.

वायफायवर तो का बदलतो? हवा सगळ्यांची एकच असते. कुणीतरी बोलत असेल तर तुमच्या पॅकेटला थांबावं लागतं, टक्कर झाली तर पुन्हा पाठवावं लागतं. दुपारी रिकामं असलेलं नाट्यगृह रात्री भरतं, प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ब्लूटूथपासून शेजारच्या राउटरपर्यंत सगळ्यांची दाटी होते. शिवाय माणसांची शरीरंही त्या लहरी शोषतात. म्हणून सांगतो, रिकाम्या सभागृहातल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका.

आणखी एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. बटण दाबलं की आवाज वेळेवर यायचा, पण लॅपटॉपच्या उलट निरोपावर लागणारा बटणाचा दिवा मागाहून लागायचा. बॅटरी वाचवण्यासाठी टॅबलेटचा वायफाय मधूनमधून झोपतो, आणि त्याच्यासाठी आलेला निरोप राउटर पुढच्या हाकेपर्यंत राखून ठेवतो. राउटरची हाक, म्हणजे बीकन, साधारणपणे दर 102 मिलिसेकंदांनी येते. तेव्हा दिवा उशिरा लागला म्हणून तुकडा सुटलाच नाही असं समजून दुसऱ्यांदा बोट टेकवू नका. मी एकदा तसं केलं आणि ऐन अंतऱ्यात तुतारी दोनदा वाजली.

सगळ्यात जास्त त्रास टॅप टेम्पोने, म्हणजे बोटाच्या टॅपांवरून यंत्राला लय कळवण्याने, दिला. मोकळ्या लयीच्या गाण्यात काकांची लय पकडून मी पडद्यावर चार टॅप द्यायचो. 120 च्या लयीत, म्हणजे मिनिटाला 120 मात्रा असताना, दोन टॅपमध्ये 500 मिलिसेकंद असतात. एक टॅप वाटेत फक्त 10 मिलिसेकंद रेंगाळला की ते अंतर 510 होतं आणि त्यावरून टेम्पो निघतो 117.6. पुढचा टॅप वेळेवर आला की अंतर 490, टेम्पो 122.4. माझं बोट स्थिर होतं, काकांचा ठेका स्थिर होता, मधली हवा तेवढी हलत होती. सरासरी काढून हे थोडं निवळतं, पण चार टॅपांत फारसं नाही. मिडी क्लॉकचं, म्हणजे एक यंत्र दुसऱ्याला लय कळवायला जे टिक पाठवतं त्यांचंही असंच आहे. एका मात्रेला 24 टिक, म्हणजे 120 ला दर 20.8 मिलिसेकंदांनी एक. असा क्लॉक वायफायवरून पाठवला की टेम्पोला बांधलेला डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) डगमगायला लागतो आणि त्याचा सूरही हलतो.

इथे दोष ॲपचा नाही, मी वेळ कुणाच्या हाती सोपवली त्याचा आहे. टचओएससीमध्ये लुआ या भाषेत स्क्रिप्ट लिहिता येते, म्हणून मी हौसेने त्यातच आठ मात्रांचा एक छोटा सीक्वेन्सर, म्हणजे ठोके क्रमाने आपोआप सोडणारा, केला होता. तो पडद्याच्या फ्रेमबरोबर चालायचा. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर प्रत्येक ठोका 16.7 मिलिसेकंदांच्या घरांत बसणार, आणि चित्र जड झालं की घरंही सरकणार. पडदा दाखवण्यासाठी आहे, घड्याळ म्हणून वापरण्यासाठी नाही. आता टेम्पो पूर्णपणे लॅपटॉपकडे आहे. क्लिकवरच्या, म्हणजे यंत्राच्या ठोक्यावर चालणाऱ्या गाण्यांत लाइव्हचं क्वांटायझेशन एका बारवर (मात्रांच्या एका गटावर) ठेवतो, म्हणजे बोट आधी टेकलं तरी तुकडा पुढच्या बारच्या सुरुवातीलाच सुटतो. मी सम यायच्या दोन मात्रा आधी बोट टेकवतो, तुकडा समेवरच सुटतो. वाटेत 5 मिलिसेकंद गेले की 40, याला काही अर्थच उरत नाही. एबलटन लिंक (ॲपांची लय जुळवणारी सोय) असलेली ॲप वायफायवरही एकमेकांना धरून चालतात ती अशाच कारणाने. तिथे प्रत्येक ठोका हवेतून जात नाही, प्रत्येक यंत्र आपलं घड्याळ चालवतं आणि फक्त जुळवून घेतं.

मोकळ्या लयीच्या गाण्यांना हा उपाय नाही, तिथे बोट टेकताच आवाज हवा. त्यासाठी केबल. मॅकच्या ऑडिओ मिडी सेटअपमध्ये आयपॅड चालू केला की त्याच चार्जिंगच्या तारेवर मिडी येतो. अँड्रॉइड टॅबलेटलाही यूएसबीच्या पर्यायांत मिडी मिळतो. फरक मी मोजून पाहिला: एक माइक पडद्याजवळ ठेवून बोटाची टकटक एका ट्रॅकवर, लॅपटॉपचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर, आणि दोन्हींतलं अंतर बघायचं. केबलवर ही अंतरं जवळपास सारखी दिसली. वायफायवर बहुतेक सारखी, मग मधूनच एक लांब. ते मधलं एकच गाण्याचा घात करतं.

केबल शक्यच नसेल तर स्वतःचा राउटर न्या, 5 गिगाहर्ट्झवर, इंटरनेट न जोडता. लॅपटॉप त्याला लॅनच्या तारेने जोडा, म्हणजे पॅकेटला हवेतून एकदाच जावं लागेल. एअरड्रॉप बंद ठेवा. एवढं केल्यावर माझंही वायफाय खूप सुधारलं. तरी तुतारीसाठी मी त्याच्यावर विसंबत नाही.

बटणाचा प्रकार नीट निवडा. टचओएससीमध्ये टॉगल (एकदा चालू, एकदा बंद होणारं) बटण दाबताना बदलायचं की सोडताना, हे ठरवता येतं. सोडताना ठेवलं तर बोट जितका वेळ पडद्यावर राहील तितका उशीर त्यात मिसळतो, आणि तो दर वेळी वेगळा असतो. हे लक्षात यायला मला महिना लागला. आयपॅडच्या चार-पाच बोटांच्या जेश्चरही बंद करा.

पडद्यावर बोटांनी ठेका वाजवायचा विचार असेल तर मी नाहीच म्हणेन. सेकंदाला 60 वेळा स्पर्श तपासणाऱ्या पडद्यावर केबल लावूनही 16.7 मिलिसेकंदांपर्यंतचा चढउतार राहतो. लग्गीत, म्हणजे जलद ठेक्यात, तो ऐकू येतो. शिवाय काचेला थाप हलकी की जड ते कळत नाही. त्यासाठी ऑक्टोपॅडच घ्या. पण तुकडे सोडणं, पॅच (कीबोर्डचा आवाज) बदलणं, पाच फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) एका पानावर आणि प्रत्येक गाण्याला स्वतःचं पान, यासाठी टचओएससीसारखं साधन मला दुसरं मिळालं नाही. पानं स्वतः आखता येतात म्हणून अंधारातही माझं बोट न बघता पोचतं.

सध्या तीन मीटरची केबल स्टँडला दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधतो. प्लगजवळ थोडी ढील सोडतो, कारण ताण आला की जोडणी सुटते आणि परत जोडल्यावर मॅकमध्ये पुन्हा चालू करावं लागतं. गेल्या तीन महिन्यांत ती प्रयोगात एकदाही सुटलेली नाही. काकांनी मात्र अजून सवय सोडलेली नाही. तुतारीच्या आधीच्या तिहाईला ते माझ्या बोटाकडेच बघत असतात.