द टर्न ऑफ द स्क्रू (डेक्का रेकॉर्ड कंपनीचं जुनं रेकॉर्डिंग): भुतं गातात, पण भीती पोरांची वाटते

ऑपेरा म्हणजे भलामोठा ऑर्केस्ट्रा, स्टेजभर कोरस आणि आपण झोपलेलो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकाच. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या ह्या चेंबर (म्हणजे छोटेखानी) ऑपेरात गाणारे 6 आणि वाजवणारे 13, बस्स. 1954 च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या ला फेनिचे ऑपेरा हाउसमध्ये पहिला प्रयोग झाला आणि 1955 मध्ये तोच संच घेऊन डेक्काने रेकॉर्डिंग केलं, कंडक्टर स्वतः ब्रिटन.

गोष्ट हेन्री जेम्सची, 1898 ची. ब्लाय नावाचा आडबाजूचा वाडा, माइल्स आणि फ्लोरा ही दोन अनाथ पोरं, त्यांना सांभाळायला आलेली नवी गव्हर्नेस आणि तिला दिसायला लागलेले आधीचे दोन मेलेले नोकर. खरंच भुतं आहेत की बाईच्या डोक्यातच काहीतरी चाललंय हे जेम्स शेवटपर्यंत सांगत नाही. आता ऑपेरा म्हटल्यावर भुतांना गायला लागणारच, त्यामुळे तो संशय थोडा कमी होतो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तर क्विंट आणि मिस जेसल ही दोन भुतं चक्क एकमेकांशी वाद घालत बसतात, तो भाग मला रटाळच वाटला.

पण ब्रिटनने तो संशय उचलून पोरांवर टाकलाय आणि तिथे माणूस मानला. माइल्स लॅटिनचा धडा म्हणता म्हणता मध्येच 'मालो' नावाचं एक साधंसं, उदास गाणं म्हणतो, कुणी शिकवलं असेल ह्याला हे, असं वाटून अंगावर काटा येतो. पुढे तो पियानो वाजवतो तो सीन तर कहर आहे, अगदी गुणी बाळाच्या रियाजासारखं चाललेलं असतं, गव्हर्नेस आणि वाड्याची हाउसकीपर कौतुकाने ऐकत बसतात आणि तेवढ्यात फ्लोरा सटकते. भूतबीत काही नाही, नुसता पियानो!

प्रस्तावनेनंतर 12 सुरांची एक थीम येते आणि मग 16 प्रसंगांच्या मधे मधे तिचीच 15 रूपं, म्हणजे दर वेळी स्क्रू आणखी एक आटा आत. हे कळलं नाही तरी काही बिघडत नाही, गळ्याशी आवळत गेल्यासारखं होतंच.

पीटर पियर्सचा क्विंट रात्री माइल्सला हाक मारतो ती लांबच लांब तान आणि सोबत सेलेस्टाची (घंट्यांसारखं वाजणारं पियानोसारखं वाद्य) किणकिण, इतकं गोड आहे की पोरगा का जातो ते कळतं. माइल्स झालेला डेव्हिड हेमिंग्ज तेव्हा शाळकरी पोरगा होता, पुढे सिनेमात नट म्हणून गाजला. जेनिफर व्हिव्हियनची गव्हर्नेस जबरदस्त, फक्त वरच्या सुरात गेली की शब्द नीट कळत नाहीत, तेव्हा लिब्रेटो, म्हणजे ऑपेराची संहिता, समोर ठेवा. आवाज मोनो आहे, स्टिरिओची सवय असेल तर सुरुवातीला सपाट वाटेल, पण एवढ्याशा वाद्यवृंदात प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं त्यामुळे मला तरी फार खटकलं नाही.

पावणेदोन तासांच्या आसपास आहे, एका बैठकीत ऐका, तुकड्यातुकड्यात मजा जाते. कथा आधी वाचली नसेल तर उत्तम, नंतर वाचा. 5 पैकी साडेचार, अर्धा त्या भुतांच्या वादावादीसाठी कापला.