जुनी फ्रेंच चर्च-रजिस्टरं वाचून देतो म्हणणाऱ्याने 480 युरोंना फसवलं

फ्रान्समधले पूर्वज कुणाकडून पैसे देऊन शोधून घेणार असाल तर कृपया आधी हे वाचा.

माझं सासर मायेन जिल्ह्यातलं, लाव्हालजवळचं. सासूबाईंची पंच्याहत्तरी होती, त्यांना माहेरची वंशावळ भेट द्यायची असं मी ठरवलं. तिकडे 1792 पर्यंत बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळ्याच्या नोंदी गावचा पाद्री ठेवायचा, त्यानंतर ते काम नगरपालिकेकडे गेलं. नगरपालिकेच्या नोंदी मी माझ्या मी लावल्या, पण त्याच्या मागे गेलं की अक्षर काही केल्या लागेना, 'एस' लांबडा आणि अगदी 'एफ'सारखा, शब्दाला शब्द चिकटलेला, मागच्या पानाची शाई पुढे फुटलेली. नाशिकला बाबांनी जमिनीचे मोडीतले कागद जाणकाराला पैसे देऊनच वाचून घेतले होते, त्यामुळे यात काही वावगं असेल असं मनातही आलं नाही.

ऑनलाइन एक माणूस भेटला. नमुना म्हणून एक पान इतकं सुंदर वाचून पाठवलं की मी लगेच 180 युरो ट्रान्सफर केले. पंधरा दिवसांनी म्हणाला, तुमच्या गावाचं रजिस्टर जळालंय, दुसरी प्रत सरकारी अभिलेखागारात आहे, ती बघायच्या परवानगीची फी 300 युरो. तेही भरले. हे तर धादांत खोटं होतं, कारण मायेनच्या अभिलेखागाराची स्कॅन केलेली रजिस्टरं त्यांच्याच साइटवर कुणालाही फुकट बघता येतात, परवानगी नाही की फी नाही. आणि 1667 च्या हुकुमानंतर रजिस्टर दोन प्रतींत ठेवायचं, एक चर्चमध्ये आणि एक कोर्टात, असा नियमच होता. दोन्ही प्रती जळाल्या त्या पॅरिसच्या, 1871 मध्ये. तीच गोष्ट त्याने थोडी फिरवून आमच्या गावाला चिकटवली.

शेवटी रिपोर्ट आला, वर लाखेच्या मोहरेचं चित्र, आडनावाच्या आधी खानदानी 'द' लावलेला आणि वंशावळ थेट 1612 पर्यंत. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते फ्रेम करून जेवणाच्या खोलीत लावलं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन. आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई, शांतपणे म्हणाल्या, "अगं, 1779 मध्ये ब्रूमेर महिना कुठून आला?" ब्रूमेर हा फ्रेंच राज्यक्रांतीच्या कॅलेंडरमधला महिना, आणि ते कॅलेंडर 1793 मध्ये सुरू झालं आणि 1805 संपताना बंद पडलं. म्हणजे 14 ब्रूमेर 1779 अशी तारीख कुठल्या पाद्र्याने लिहिलेली असणं शक्यच नाही. माझे तर हातपाय गार पडले.

मग रात्री बसून एकेक ओळ मूळ पानाशी ताडून बघितली. पाद्री नोव्हेंबर लिहायला 9 चा आकडा काढून पुढे 'ब्र' जोडायचे, कारण लॅटिनमध्ये नोव्हेम म्हणजे नऊ, याने सरळ नववा महिना धरून सप्टेंबर केलेला. 'दिवंगत' या अर्थाने नोंदीत येणारा शब्द फ्रेंचमध्ये 'आग' म्हणूनही वापरतात, तर याच्या इंग्रजी भाषांतरात मुलीचे वडील आगीत जळून गेले होते! बिचारे आधीच वारले होते एवढंच तिथे लिहिलंय. आणि 1700 च्या मागची तर एकही नोंद सापडली नाही, सगळी मनाने रचलेली. मेल केला तर उत्तर नाही, नंबर बंद. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केलीय, पैसे अजून आलेले नाहीत.

तुम्ही कुणाला काम देणार असाल तर प्रत्येक नोंदीचा रजिस्टर नंबर आणि पान नंबर मागा, आणि ते पान स्वतः उघडून बघा. तुम्हाला आधीच नीट वाचता आलेली एक नोंद मुद्दाम त्याला वाचायला द्या. मी यातलं काहीच केलं नाही, त्याचा मला अजून त्रास होतो, पैशांपेक्षा सासूबाईंनी ती फ्रेम भिंतीवरून उतरवली त्याचा जास्त.

नंतर तिथल्याच वंशावळ मंडळातल्या एका निवृत्त गृहस्थांनी आमची 1741 ची लग्नाची नोंद दहा मिनिटांत, एक पैसा न घेता वाचून दिली. नवरा मुलगा विणकर, लिननचं कापड विणणारा, आणि खाली पाद्र्याने लिहिलंय की सही करता येत नाही असं त्याने सांगितलं. सासूबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा मोठ्याने वाचली. आता त्या पानाची प्रिंट मागवलीय, फ्रेम तीच वापरणार आहोत.