लाटेवरचा हक्क शिकवणारी सर्फिंगची शाळा

कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीचवरच्या एका सर्फिंग शाळेत मी आणि माझ्या मुलीने चार दिवसांची शिकवणी घेतली. पहिला पाऊण तास प्रशिक्षकांनी आम्हाला पाण्यात उतरूच दिले नाही. वाळूत बोटाने लाटेची रेघ ओढून, फुटणाऱ्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असेल त्याचाच त्या लाटेवर पहिला हक्क असतो आणि त्याच्या पुढ्यात मध्येच शिरल्यास फळ्यांची टक्कर होऊन डोकी फुटतात, हे त्यांनी शांतपणे समजावले. आमचे पैसे तिथेच वसूल झाले.

उणीव एकच, पण मला ती मोठी वाटते. सारे नियम पाळूनही काही किनाऱ्यांवर नवख्याला हुसकावले जाते, याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. याच किनारपट्टीवर, पालोस व्हर्डेस एस्टेट्समधील लुनाडा बे येथे ‘बे बॉइज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळक्याविरुद्ध परक्या सर्फरांना धमकावल्याच्या आरोपांवरून २०१६ साली खटला दाखल झाला, आणि कड्याखाली दगड रचून उभारलेला अड्डा त्याच वर्षी पाडण्यात आला. समुद्र कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो. कॅलिफोर्नियात तर भरतीच्या सरासरी रेषेखालची ओली वाळूही कायद्याने सर्वांची आहे.

आठवड्याभराने दुसऱ्या एका किनाऱ्यावर ‘इथून निघा’ अशी आरोळी ऐकून माझी मुलगी फळी उराशी धरून उभी राहिली, तेव्हा तिला काय सांगावे ते मला सुचले नाही. शाळेने शेवटच्या दिवशी या विषयाला अर्धा तास तरी द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.