झाउअरब्राटन: ओमाकडचं की ब्राउहाउसमधलं?

जर्मनीतल्या कोलोनला आलेले पाहुणे विचारतात, झाउअरब्राटन, म्हणजे आंबट मुरवणात मुरवून शिजवलेलं गोमांस, कुठे खायचं? मी उलट विचारते, हाताशी दिवस किती आहेत?

कारण घरी हे गोमांस ४-५ दिवस व्हिनेगर, कांदा, तमालपत्र आणि लवंगांत मुरतं. नवऱ्याची ओमा, म्हणजे आजी, रोज सकाळी तळघरात जाऊन तुकडा उलटून येते. रस्सा दाट करायला ती आखन शहराची प्रिंटन ही मसालेदार बिस्किटं कुस्करून घालते, वर मूठभर मनुका. पहिल्या घासाला मला थेट चिंचगुळाची आमटी आठवली! माप विचारलं तर म्हणते, "दिसतं की डोळ्यांना."

ब्राउहाउसमध्ये, म्हणजे इथल्या पारंपरिक बिअर-खाणावळीत, २० मिनिटांत ताट समोर. बटाट्याचे गोळे, लाल कोबी, सगळं यथासांग. पण रस्सा माझ्या जिभेला जरा जास्तच गोड. एकाच संध्याकाळपुरते आला असाल तर मात्र तिथेच जा, तेही कोब्येससाठी. हा तिथला वेटर. क्योल्श या कोलोनच्या बिअरचा ०.२ लिटरचा ग्लास संपला की न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या बिअरमॅटवर पेन्सिलीने रेघ मारतो. पुरे झालं तर मॅट ग्लासवर झाकायची.

ओमाकडे ही सोय नाही. ताटावर हात आडवा धरला तरी ती वाढतेच.