जेल स्टेन : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुने फर्निचर नव्याने रंगवताना सर्वांत जिकिरीचे काम म्हणजे आधीचे पॉलिश मुळापासून खरवडून काढणे. ते टाळता येते, एवढ्याच कारणासाठी मी तेलाधारित जेल स्टेन, म्हणजे लाकडाला रंगछटा देणारे दाट द्रव्य, निवडला आणि खणांचे एक कपाट, लिहिण्याचे टेबल व हाताच्या दोन खुर्च्या त्याने रंगवल्या. या वस्तू आता बरेच महिने रोजच्या वापरात आहेत.

साधा पातळ स्टेन लाकडात मुरतो, आणि पाइन किंवा मेपलसारखे लाकूड तो सगळीकडे सारखा शोषत नसल्यामुळे रंग कुठे गडद, कुठे फिका असा ढगाळ दिसतो. जेल स्टेन मलमासारखा दाट असतो. तो फारसा मुरत नाही, पृष्ठभागावरच रंगाचा पातळ थर धरून राहतो. म्हणून तो एकसारखा बसतो, उभ्या फळीवर ओघळत नाही आणि जुन्या वार्निशवरही चालतो. मात्र ते वार्निश कुठे सुटलेले नसावे आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी मोडलेली असावी. साचलेले मेण आणि हातांचा तेलकटपणा त्याआधीच मिनरल टर्पेंटाइनने पुसून काढावा लागतो, कारण तेलकट जागी रंग धरत नाही.

पहिला हात पाहून बहुतेकांचा हिरमोड होईल. रंग मळकट दिसतो आणि फडक्याचे पट्टे उठतात. पण दाट थर थापून ते झाकण्याच्या फंदात पडू नये. सुती फडक्याने पातळ लावायचा, जरा थांबून लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसायचा आणि दुसऱ्या हाताला रंग भरू द्यायचा. दोन हातांच्या मध्ये साधारण एक दिवस तरी जावा लागतो, दमट हवेत त्याहून अधिक. कोरीव नक्षीच्या खाचांत हा स्टेन साचून बसतो आणि तिथे लवकर वाळत नाही. तो दात घासण्याच्या जुन्या ब्रशने वेळीच काढलेला बरा. हात वाढतील तसा लाकडाचा पोत झाकला जातो, त्यामुळे ज्याच्या रेषाच पाहत राहाव्यात अशा लाकडावर मी हा स्टेन लावणार नाही.

वापरलेल्या फडक्यांकडे दुर्लक्ष करू नये. स्टेनमधील तेल वाळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि उष्णता निर्माण होते. फडक्याचा बोळा करून टाकला, तर ती आत कोंडते आणि फडके आपोआप पेटू शकते. ते घराबाहेर, एकेरी पसरून पूर्ण वाळवावे.

आता टिकाऊपणाविषयी. स्टेनवर मी पॉलियुरेथेनचे, म्हणजे रंगाचे रक्षण करणाऱ्या पारदर्शक लेपाचे, तीन हात दिले होते. कपाट अजून जसेच्या तसे आहे, मुठींच्या भोवतीसुद्धा रंग हललेला नाही. टेबलाचा वरचा पृष्ठभागही चांगला आहे, पण जिथे मनगट टेकते त्या पुढच्या कडेवर एक फिकी रेघ उमटू लागली आहे. खुर्च्यांच्या हातांवर ती स्पष्टच दिसते; कंगोऱ्यावरचा रंग निघून खालचे जुने पिवळट पॉलिश डोकावते. कारण उघड आहे. रंग वरच्यावर असल्याने पॉलियुरेथेन झिजले की त्याच्याबरोबर तोही जातो, तर मुरलेला स्टेन त्या मानाने मागे उरतो. दुरुस्ती मात्र सोपी आहे: झिजलेली जागा हलकी घासून, बोटाला गुंडाळलेल्या फडक्याने किंचित स्टेन टेकवून पुसावा आणि पूर्ण वाळल्यावर त्यावर पुन्हा पॉलियुरेथेन द्यावे. डाग शोधूनच सापडतो.

कपाटे, दारे, आरशाच्या चौकटी, म्हणजे ज्यांना सतत अंग घासत नाही अशा वस्तूंसाठी मी जेल स्टेन निःशंकपणे सुचवेन. खुर्च्या पुन्हा रंगवायच्या झाल्या, तर जुने पॉलिश काढण्याचा त्रास घेऊन पातळ स्टेनच वापरेन.