उन्हात काटा फाटकन शेवटाला जातो एवढ्यावरून जुना लाइट मीटर घेऊ नका (म्हापशात फसवलं गेल्याचा अनुभव)

गोव्यात जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं सामान ऑनलाइन जाहिरात टाकून विकणारा एक माणूस आहे, नाव देत नाही कारण त्याने दिलेलं नाव खरं असेल असं मला वाटत नाही, पण त्याची पद्धत इतकी व्यवस्थित बसवलेली आहे की ती तरी लोकांना कळायलाच हवी. मला त्याने सेकोनिकचा स्टुडिओ डिलक्स, म्हणजे एल-३९८, खराब सेलवाला विकला. ५ हजारांना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लाइट मीटर म्हणजे उजेड मोजून फोटोला किती एक्सपोजर द्यायचं ते सांगणारं यंत्र, आणि हा तो गोल डायलचा मीटर, वर पांढरा घुमट, बॅटरी लागत नाही. आत सेलेनियमचा सेल असतो, उजेड पडला की तोच थोडा करंट तयार करतो आणि त्या करंटवर काटा हलतो. माझ्याकडे याशिका ६३५ हा जुना फिल्म कॅमेरा आहे, त्यात मीटर नाही, आणि मी जास्त करून देवळांचे सभामंडप, जुनी घरं, पेडण्याकडे रात्रीचे दशावतार असलं काढतो, तिथे अंदाजपंचे चालत नाही. बॅटरी नको ही पण अट होती, कारण जुन्या कितीतरी मीटरांना १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या लागायच्या, त्या आता बंद झाल्या आणि त्यांच्या जागी १.५ व्होल्टची साधी अल्कलाइन घातली की रीडिंग चुकतं. म्हणून सेलेनियम.

जाहिरातीत लिहिलेलं, "सेल फ्रेश, उन्हात चेक करून घ्या". हे वाक्य लक्षात ठेवा.

भेटायचं ठरलं म्हापशाच्या कदंबा बस स्टँडजवळ, आणि वेळ त्यानेच दिली, दुपारचे १२, म्हणे मला तेव्हाच सुटका मिळते. मी म्हटलं चला मार्केटात आत बसू, चहा घेऊ, तिथे नीट बघतो. तर म्हणाला, "नाका पात्रांव, आत काळोख आहे, तिथे मीटर कसा दिसणार? हांगा बघा." आणि स्टँडच्या बाहेर भर उन्हात मीटर वर धरला, मधलं बटण दाबलं, काटा फाटकन स्केलच्या पार शेवटाला. "बघितलंत ना, असा सेल आता मिळत नाही." कोणालाही वाटेल की सेल जोरदार आहे.

आता यातली गोम. या मीटरचं स्केल १२५० फूट-कँडलला (उजेड मोजायचं एकक) संपतं. दुपारचं स्वच्छ ऊन असतं साधारण १ लाख लक्स, म्हणजे १० हजार फूट-कँडलच्या आसपास, स्केलच्या आठ पट. म्हणूनच कंपनी मीटरबरोबर एक छोटी हाय स्लाइड द्यायची, बारीक भोकांची पट्टी, ती घुमटाच्या मागे खाचेत घातली की सेलवर फक्त १/३२ उजेड पोचतो, मग उन्हात काटा ३२० च्या जवळपास थांबायला हवा. स्लाइड नसेल तर उन्हात काटा शेवटाला जाणारच, आणि तीन स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जागा असल्यामुळे ज्या सेलची ताकद पाव उरलीय त्याचाही काटा शेवटालाच जाणार! त्या चाचणीत चांगला सेल आणि मेलेला सेल यांत काही फरकच दिसत नाही. मी स्लाइड मागितली होती. "घरी राहिली, कुरियरने पाठवतो." ती अजून यायचीच आहे, आणि आता कळतं की स्लाइड हरवलेली बिरवलेली नसणार, ती असती तर तिथल्या तिथे ३२० च्या जागी ८० दिसले असते आणि सगळा खेळ संपला असता.

पैसे यूपीआयने दिले. जाताना त्याने आणखी एक सांगितलं आणि हा भाग मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. "मीटर बरेच दिवस कपाटात होता, रीडिंग जरा मंद वाटलं तर दोन-चार दिवस उन्हात ठेवा, सेल चार्ज होतो." सेलेनियमचा सेल चार्ज होत नाही हो. ती बॅटरी नाहीच, उजेड आहे तोवर करंट, उजेड गेला की करंट गेला, साठवण काही नाही. उलट कडक ऊन आणि उष्णता सतत मिळाली तर तो आणखी थकतो. पण या सल्ल्याने काय होतं, तर विकत घेणारा तक्रार करायच्या ऐवजी मीटर बलकांवात (पडवीत) उन्हाला ठेवून वाट बघत बसतो आणि तेवढ्यात याला नंबर बदलायला वेळ मिळतो. माझ्या बाबतीत अगदी तेच, फोन लावला तर बंद, मेसेजला एकच टिक, जाहिरातही काढलेली.

रोल धुवून आल्यावर प्रकार कळला. फोमापॅन १०० ही फिल्म होती. उघड्यावरच्या सावलीत काढलेल्या निगेटिव्ह काळ्याकुट्ट, म्हणजे जास्त एक्सपोज, आणि देवळाच्या आत काढलेल्या एकदम पातळ, काचेसारख्या, म्हणजे कमी एक्सपोज. हे विचित्र आहे, कारण सेल कमजोर असेल तर मीटर सगळीकडे उजेड कमी दाखवणार आणि सगळीकडे जास्तच एक्सपोजर द्यायला सांगणार. मग काळोखात उलटं का?

तेव्हा ती साधी चाचणी केली जी मीटर उन्हात धरून होऊच शकत नाही. घुमटावर तळहात घट्ट दाबला, वरून काळं फडकं, आणि बटण दाबून धरलं (बटण न दाबता बघितलंत तर काटा लॉक असतो, आधीचंच रीडिंग दिसत राहतं, हे पण विसरू नका). काटा शून्यावर यायला हवा. हा १० च्या घरात उभा. मागच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो शून्य जुळवायचा, तो कोणीतरी मुद्दाम पुढे फिरवून ठेवला होता. म्हणजे कमजोर सेलला ढकलगाडी. काळोखात काहीही नसताना १० दाखवतो, मधल्या उजेडात कुठेतरी योगायोगाने बरोबर येतो, आणि त्याच्या वर गेलात की परत कमी दाखवतो. घड्याळजीच्या स्क्रू-ड्रायव्हरने काटा शून्यावर आणला, १८ टक्क्यांच्या ग्रे कार्डवर (मीटर ताडायला वापरतात ते करडं कार्ड) डीएसएलआरचं रीडिंग घेऊन त्याच जागी हा मीटर घुमट कॅमेऱ्याच्या दिशेला करून ताडून बघितला, तर दोन स्टॉप कमी. आतल्या उजेडात त्याहून जास्त. फोनमधल्या ॲपने पण तेच.

आमच्या फोंड्याला रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी आधी दोष काट्याच्या यंत्रणेत आहे की सेलमध्ये ते वेगळं केलं, ही पद्धत आवडली मला. सेलची तार सोडवली आणि पेन्सिल सेल, १.५ व्होल्टचा, १०० किलोओमच्या रेझिस्टरमधून काट्याला जोडला, म्हणजे १५ मायक्रोअँपच्या आसपास करंट. काटा छान, न अडकता वर गेला, तार सोडल्यावर शून्यावर परत आला. म्हणजे काटा ठीक. आधी रेझिस्टरशिवाय सरळ बॅटरी लावू नका हां, काट्याची कॉइल जळेल.

मग सेल बाहेर काढला. कडेने तपकिरी डाग, पुढच्या संपर्कपट्टीवर हिरवट गंज. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तर सेलेनियमच्या पातळ थराचं काय होणार, दमट हवा आत शिरली की तो थर कायमचाच जातो. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, खोडरबरने हलकेच घासली, अर्धा स्टॉप परत मिळाला. तेवढाच. पण काकांनी बोट दाखवलं ते वेगळ्याच ठिकाणी, सेल आणि काट्याच्या मध्ये कॅलिब्रेशनचा रेझिस्टर होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना तारेचा तुकडा टाकून तो बायपास केलेला, सोल्डर नवं, चकचकीत. "हे जुनं काम नाही," काका म्हणाले. रेझिस्टर काढला की काट्याला थोडा जास्त करंट मिळतो, मेलेला सेल जरा जिवंत वाटतो, आणि पूर्ण स्केलचा हिशेब बिघडतो.

हे सगळं विकणाऱ्यानेच केलं असं मी सिद्ध नाही करू शकत, त्यालाही कोणी असाच गळ्यात मारला असेल. पण आत नको, १२ लाच भेटा, स्लाइड घरी, मंद वाटला तर चार्ज करा, ही चारही वाक्यं एकाच दोषावर पांघरूण घालतात. न जाणणाऱ्या माणसाच्या तोंडी ती इतकी जुळून येत नाहीत.

सेल बदलायचं पण बघितलं. बाहेरच्या एका माणसाने ऑनलाइन सांगितलं, नवीन सेलेनियम सेल बसवून देतो, अर्धे पैसे आधी. मी म्हटलं बदलायच्या आधीचं आणि नंतरचं रीडिंग १०, ४०, १६० आणि ६४० ला फोटोसकट द्याल का, आणि जुना सेल परत कराल का? तो गायबच झाला. कॅल्क्युलेटरची सोलर पट्टी बसवतात काही जण, पण तिचा करंट वेगळा, रंगांना प्रतिसाद वेगळा, परत स्केल जुळवावं लागतं. सेकोनिकने स्वतः नंतरच्या एल-३९८ए मध्ये सेलेनियम सोडून अमॉर्फस सिलिकॉन घेतलं. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे घेताना नावाच्या पट्टीवर तो 'ए' आहे का ते वाचा, त्याच्या जाहिरातीतल्या फोटोत होता, हातात आलेल्यावर नव्हता, आणि ती जागा बोटाखाली झाकली जाईल असाच तो मीटर धरून उभा होता.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यूपीआयचा नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट दिले. पैसे परत आलेले नाहीत.

मीटर आता शून्यावर लावून, रेझिस्टरची तार काढून ठेवलाय. मधल्या उजेडात फिल्म १०० आयएसओची असेल तर डायलवर आयएसओ ४०० ठेवून काम भागतं, देवळात मात्र फोनच काढावा लागतो. आणि परवा तीच भाषा असलेली नवी जाहिरात दिसली, नंबर वेगळा, ठिकाण मडगाव, या वेळी वेस्टन मास्टर, तोही सेलेनियमचाच. मी गिऱ्हाईक बनून विचारलं, संध्याकाळी सहाला भेटता का, आमच्या घरी, आत? तर उत्तर आलं, "नाही सर, दुपारीच जमेल."