जुगाराचं व्यसन: सीबीटी, गोळ्या, गट की पैशांवर बंधन?

जुगार सोडायचं ठरवलं, किंवा घरातल्या कुणाला सोडवायचं ठरवलं, की पहिला प्रश्न पडतो जायचं कुठे. समुपदेशकाकडे, मानसोपचारतज्ज्ञाकडे की व्यसनमुक्तीच्या गटात? गोळ्या घ्याव्यात का? की नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तरी भागेल? या सगळ्या पर्यायांवर संशोधन झालं आहे, आणि सगळ्यांमागचा पुरावा सारखा भक्कम नाही. माझं मत आधीच सांगते: पैशांची वाट आजच अडवा आणि उपचारांत सीबीटीला, म्हणजे विचार आणि वर्तन बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाला, पहिला मान द्या. गोळ्या आणि गट त्याच्या जोडीला. मात्र सोबत दारू, नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असतील तर हा क्रम बदलतो.

हा आजार आहे का, यावर अजूनही घराघरांत वाद होतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये तो आजारांच्या यादीत घेतला आणि २०१३ मध्ये दारू-ड्रग्जच्या व्यसनांशेजारी नेऊन बसवला. निदानाचे नऊ निकष आहेत: रकमा वाढवत न्याव्या लागणं, थांबायचा प्रयत्न केला की चिडचिड होणं, मन खचलं की खेळायला बसणं, हरलेले पैसे वसूल करायला पुन्हा जाणं, खोटं बोलणं, इतरांच्या पैशांवर अवलंबून राहणं वगैरे. वर्षभरात यातले चार जुळले तर निदान होतं, आठ-नऊ जुळले तर आजार तीव्र.

सीबीटी

विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी ही पद्धत. जुगाऱ्याच्या डोक्यात काही ठाम समजुती बसलेल्या असतात. ‘सलग पाच डाव हरलो, आता लागणारच’ ही त्यातली सर्वांत चिवट. १९१३ मध्ये मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला, आणि ‘आता तरी लाल येईल’ म्हणून लोक रकमा लावत गेले, हरत गेले. चाकाला मागचे डाव आठवत नसतात. ही गोष्ट ऐकून पटते, पण खेळताना पटत नाही. ते अंतर भरून काढायला सत्रं लागतात.

दुसरी समजूत ‘थोडक्यात हुकलं’ची. २००९ मधल्या मेंदूच्या एका चित्रण-अभ्यासात दिसलं की जिंकल्यावर सक्रिय होणारे मेंदूतले काही भाग थोडक्यात हुकलेल्या डावानंतरही सक्रिय होतात. मनाला ते हरणंच वाटतं, तरी पुन्हा खेळायची ओढ वाढते. सीबीटीत हे उलगडून दाखवतात, आणि सोबत रोजचं काम असतंच: पगाराचा दिवस, एकटी रात्र, भांडणानंतरचा तास अशा धोक्याच्या वेळा शोधून त्या वेळी करायचं दुसरं काहीतरी आधीच ठरवून ठेवणं.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २३१ जणांचे तीन गट केले होते. एकाला फक्त जुगार सोडू पाहणाऱ्यांचा गट असलेल्या गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांचा पत्ता, दुसऱ्याला त्यासोबत सीबीटीची स्वाध्यायपुस्तिका, तिसऱ्याला पत्त्यासोबत समुपदेशकाबरोबर आठ सत्रं. सर्वाधिक फायदा समोरासमोरच्या सत्रांचा झाला. पुस्तिका मिळालेल्यांपैकी अनेकांनी ती पूर्ण केलीच नाही. पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ बघून स्वतःच सावरायचा बेत असेल तर ही बाब लक्षात घ्या.

कमकुवत बाजूही सांगायला हवी. कॉक्रेन ही उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणारी संस्था; तिच्या २०१२ च्या आढाव्यात १४ अभ्यास तपासले गेले. उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतला फायदा स्पष्ट होता, त्यापुढचा पुरावा तुटपुंजा. म्हणून सत्रं संपल्यावर अधूनमधून भेटी चालू ठेवणाऱ्याकडे जा.

अजून तयारीच नसेल तर

‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्याला ओढून सीबीटीला नेण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी प्रेरणात्मक संवाद आहे. यात समुपदेशक वाद घालत नाही, सोडण्याची कारणं त्या माणसाच्याच तोंडून काढून घेतो. कॅनडातल्या २००१ च्या चाचणीत फोनवरचा एक छोटा संवाद आणि पुस्तिका एवढ्यावर चांगला फरक दिसला होता. २००८ च्या एका अभ्यासात तर दहा मिनिटांच्या सल्ल्यानेही जुगार कमी झाला. त्यामुळे ‘एकदाच बोलून काय होणार’ असं म्हणून ती भेट टाळू नका.

गोळ्या

जुगाराच्या व्यसनासाठी म्हणून मंजूर केलेलं एकही औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नाही. तरी नाल्ट्रेक्सोन आणि नाल्मेफीन ही दोन औषधं वापरली जातात. मेंदूत अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम जिथे होतो ते ओपिऑइड ग्राहक अडवून ती खेळण्याची तलफ आणि त्यातली मजा बोथट करतात. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात ती बनावट (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली, पण पुराव्याची खात्री कमी दर्जाची होती. नैराश्यावरच्या औषधांनी जुगारावर तसा फरक दिसला नाही. या चाचण्यांत बनावट गोळीनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं, म्हणून ‘गोळीने सुटलं’ या एखाद्याच्या अनुभवावर निर्णय घेऊ नये.

मग गोळी कुणी घ्यावी? तलफ अनावर आहे, घरात दारूच्या व्यसनाचा इतिहास आहे, अशांना तिचा उपयोग जास्त होण्याची शक्यता २००८ च्या एका विश्लेषणात दिसली. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या २०२५ च्या मार्गदर्शनातही नाल्ट्रेक्सोन मानसोपचार पुरेसा न पडल्यावर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहे. मला हा क्रम रास्त वाटतो. नाल्ट्रेक्सोनबरोबर ओपिऑइड (अफूवर्गीय) जातीची वेदनाशामकं चालत नाहीत आणि यकृताच्या तपासण्या लागतात.

आता उलट बाजू, जी फार कमी जणांना माहीत असते: काही औषधांमुळेच जुगाराचा नाद लागतो. पार्किन्सन्सवरची प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही त्यातली प्रमुख. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,०९० रुग्णांच्या अभ्यासात ५ टक्के रुग्णांमध्ये जुगाराची समस्या आढळली, आणि आवेगाच्या अशा समस्या ही औषधं घेणाऱ्यांत ती न घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होत्या. अ‍ॅरिपिप्राझोल या मनोविकारांवरच्या औषधाबद्दल अमेरिकेत २०१६ मध्ये असाच इशारा देण्यात आला. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेले वडील किंवा आई अचानक खेळायला लागले, तर त्यांच्या स्वभावाला बोल लावण्याआधी औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस

१९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला हा बारा पायऱ्यांचा गट. फी नाही, आणि समोर बसलेल्यांना सगळं आधीच ठाऊक असतं, त्यामुळे लाज गळून पडते. पण फक्त गटावर विसंबणं धोक्याचं. स्कॉटलंडमधल्या १९८८ च्या अभ्यासात वर्षभर पूर्ण थांबलेले सुमारे ८ टक्केच होते. उपचाराच्या जोडीला साथसोबत म्हणून मी गट नक्की सुचवेन.

पैशांची वाट

उपचारांची वेळ मिळेपर्यंत दिवस जातात, खातं मात्र पाच मिनिटांत रिकामं होतं. म्हणून कार्डावरची मर्यादा, खात्याचे व्यवहार विश्वासातल्या माणसाकडे, आणि जिथे सोय असेल तिथे स्वतःलाच बंदी. ब्रिटनमध्ये २०१८ पासून गॅमस्टॉप या स्वतःवर बंदी घालून घेण्याच्या सेवेवर एकदा नोंद केली की परवानाधारक ऑनलाइन कंपन्या सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं प्रवेश नाकारतात. बिनपरवाना साइट मात्र त्यातून सुटतात, म्हणून हा पर्याय एकटा पुरत नाही. आणि घरच्यांनो, कर्ज गुपचूप फेडून टाकू नका. इतरांनी पैसे देऊन सोडवणं हा निदानाच्या नऊ निकषांपैकीच एक आहे.

कुणाला काय

धोका कशाने वाढतो यावर निवड अवलंबून असते. जुळ्यांच्या अभ्यासांत या व्यसनाचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक निघतो. त्याखेरीज लहान वयात सुरुवात, आवेगी स्वभाव, दारू, नैराश्य. २००२ मधल्या एका प्रसिद्ध मांडणीत तीन प्रकारची माणसं आहेत. सवयीने अडकलेल्याला थोडक्या सत्रांत फरक पडतो. दुःख विसरायला खेळणाऱ्याचं नैराश्य सोबतच हाताळावं लागतं, नाहीतर तो परत वळतो. आवेगी, लहानपणापासून अस्वस्थ असलेल्याला दीर्घकाळचा उपचार आणि मानसोपचारतज्ज्ञ दोन्ही लागतात. २००५ च्या अमेरिकन सर्वेक्षणात जुगाराचा आजार असलेल्या सुमारे ७३ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी दारूची समस्याही होती, तेव्हा तो प्रश्न पहिल्या भेटीतच विचारला जायला हवा.

‘आपोआप सुटेल’ यातही थोडं तथ्य आहे. २००६ च्या अमेरिकन आकडेवारीत सुमारे एक तृतीयांश लोक औपचारिक उपचारांशिवाय सावरलेले दिसले. पण कर्ज वाढत असेल तर वाट पाहू नका. स्वीडनच्या नोंदींत या निदानाच्या रुग्णांत आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे १५ पट आढळलं. जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा, बाकी तुलना नंतर.

पहिल्या भेटीत समुपदेशकाला हे विचारा: जुगाराचे रुग्ण आधी हाताळलेत का, सत्रं किती, ती संपल्यावर पाठपुरावा कसा, घरच्यांना एखाद्या सत्राला बोलावता का. ‘पूर्ण बंद’ म्हणायला मन धजावत नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा. कमी खेळायचं ध्येय घेऊन आलेल्यांपैकी अनेक जण उपचारांदरम्यान आपणहून पूर्ण थांबण्याकडे वळल्याचं कॅनडातल्या संशोधकांना दिसलं आहे.